ग्वाल्हेरच्या घरात ऊन पाणी आणि गच्चीवरची वीज: सरकारी मदत कशी घ्यावी

पौषात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत पहाटे नळाचं पाणी बोटांना झोंबतं, आणि जूनमध्ये त्याच वाड्याच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. सौर ऊर्जेची सरकारी मदत अशा घरांना खरोखर उपयोगी आहे, पण ती सरसकट सगळ्यांना सारखी फायद्याची नाही. म्हणून एजंटला फोन करण्याआधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं काढा आणि प्रत्येक महिन्याची युनिटं एका कागदावर लिहा.

आधी हिशेब

वीस लिटरची बादली 12 अंशांवरून 42 अंशांवर न्यायला साधारण 0.7 युनिट लागतं. घरात पाच माणसं असतील तर रोज साडेतीन युनिटं, म्हणजे महिन्याला शंभरावर युनिटं नुसत्या आंघोळीची. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत राहिला तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. एरवी या मर्यादेत राहणारी कितीतरी घरं फक्त थंडीत, गीझरपायी, ती ओलांडतात. तुमच्या कागदावर असंच दिसत असेल, तर तुम्हाला वीज बनवणाऱ्या पॅनेलआधी सौर बंबाची, म्हणजे उन्हावर पाणी तापवणाऱ्या टाकीची, गरज आहे. उलट बारा महिने अडीचशे-तीनशे युनिटं जळत असतील, कूलरच्या जोडीला एसीही असेल, तर गच्चीवरची वीजच बघा.

सौर बंब

घरगुती सौर बंबावर केंद्राचं अनुदान 2014 मध्ये बंद झालं. आजही कुणी ‘सबसिडी काढून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. सवलत आहे ती करात: 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्कं बिल घ्या आणि त्यावरचा दर वाचा. लॉज, वसतिगृह किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्यांना आयकरात 40 टक्के घसारा मिळतो, म्हणजे किमतीचा तेवढा भाग झीज म्हणून उत्पन्नातून वजा करता येतो. त्याबद्दल आपल्या सीएशी बोला.

तीन-चार माणसांना 100 लिटरचा बंब पुरतो. बोअरिंगचं जड पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पेटीत क्षार लवकर धरतात, तिथे काचेच्या नळ्यांचा बंब बरा. जानेवारीत दाट धुकं पडलं की दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही, म्हणून जुना गीझर काढून टाकू नका. टाकीपासून न्हाणीपर्यंतच्या नळाला उष्णतारोधक आवरण घालून घ्या, नाहीतर तापलेलं पाणी वाटेतच निवतं.

गच्चीवरची वीज

पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, ती 2026-27 पर्यंत आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये अनुदान, म्हणजे तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला मिळून 78,000. नावात ‘मुफ्त’ असलं तरी संच मोफत नाही. आधी सगळे पैसे भरायचे, अनुदान नंतर खात्यात येतं. तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं विनातारण कर्जही मिळतं. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते, आणि तीन किलोवॅटचा संच महिन्याला तीनशेच्या वर युनिटं देतो.

आपल्याकडे खरी अडचण कागदांची असते. वाडा चार भावांचा, मीटर आजोबांच्या नावावर. आमच्याकडे मीटर सासऱ्यांच्या नावावर होतं आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. वीजबिल, अर्ज आणि बँक खातं यांवर एकच नाव हवं. मृत्यूचा दाखला, संपत्तीकराची पावती, पुण्याच्या दिरांचं ना-हरकत पत्र हे सगळं जमवून नामांतर होईपर्यंत आमचा अख्खा हिवाळा गेला. तुम्ही हे काम आजच सुरू करा. गच्ची सामाईक असेल तर भाऊबंदांची लेखी संमतीही आत्ताच घ्या. पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू तोंडी शब्दावर बसवू नये.

नाव बदललं की पुढचं सोपं आहे. सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाईल नंबरने नोंदणी करा, राज्य निवडा, वितरण कंपनी म्हणून मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनी निवडा आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक टाका. दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक तपासणीच्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. मग पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्यांपैकी निदान तिघांकडून दर मागवा. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचीच हवीत, बाजारात त्यांना ‘डीसीआर’ म्हणतात. दुसरी स्वस्त घेतलीत तर अनुदान मिळत नाही. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते, ती करारात लिहून घ्या.

छत दगडी पाट्यांचं असेल तर इथे थांबा. एक पॅनेल पंचवीस-तीस किलोचं असतं, वर लोखंडी सांगाडा आणि उन्हाळ्यातल्या आंधीचा जोर. पाट्याला भोक पाडून बोल्ट ठोकू देऊ नका, पहिल्याच पावसात ते गळेल. सांगाड्याचा भार खालच्या भिंतींवर यायला हवा, आणि हे विक्रेत्याच्या माणसाऐवजी ओळखीच्या स्थापत्य अभियंत्याला दाखवा. गळती बुजवणं, चुन्याचा किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर देणं ही कामंही आधी उरका. पॅनेल बसल्यावर खाली हात पोचत नाही. या पांढऱ्या थराला अनुदान नाही, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मे महिन्यात त्याचा फरक लगेच कळतो.

संच बसला की विक्रेता पोर्टलवर तपशील भरतो आणि नेट मीटरसाठी, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरसाठी, अर्ज जातो. वितरण कंपनीचा माणूस पाहणी करून मीटर लावतो, मग चालू झाल्याचं प्रमाणपत्र निघतं. त्यानंतर पोर्टलवर बँक खातं आणि रद्द केलेला चेक तुम्ही स्वतः भरा.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या सभेत विषय काढा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात, 500 किलोवॅटपर्यंत. नवीन घर बांधणाऱ्यांनी वास्तुविशारदाला 2018 ची ‘इको निवास संहिता’ माहीत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावं. छत आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा त्यात दिली आहे.

पॅनेलची तोंडं दक्षिणेला, उतार साधारण 26 अंश, कारण ग्वाल्हेरचा अक्षांश तेवढाच आहे. आणि मांडणी ठरवताना बंबासाठी गच्चीचा एक उन्हाचा कोपरा मोकळा ठेवायला सांगा. आज घेतला नाहीत तरी पुढच्या थंडीआधी तो घ्यावासा वाटेल.