अर्ली डिसिजनवर सही करण्यापूर्वी आर्थिक मदतीचा हिशेब

अमेरिकेतील महाविद्यालयात ‘अर्ली डिसिजन’ पद्धतीने अर्ज करणे म्हणजे प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याची लेखी हमी देणे. त्या करारावर विद्यार्थ्याबरोबर पालकाची आणि शाळेच्या समुपदेशकाचीही सही लागते. मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरची असते आणि निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो, त्यामुळे अन्य महाविद्यालयांनी किती मदत देऊ केली असती हे कळण्याआधीच होकार द्यावा लागतो.

महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरील ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ (मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारे साधन) बहुतांशी अमेरिकेतील रहिवाशांसाठी असल्याने नाशिक-पुण्याच्या कुटुंबाने त्यातील आकड्यावर विसंबू नये. त्याऐवजी सप्टेंबरमध्येच आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करून विचारावे: परदेशी विद्यार्थ्याची कागदपत्रांवरून सिद्ध झालेली आर्थिक गरज पूर्ण भागवली जाते का, मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो का, आणि पुढल्या वर्षी मदत मागता येते का. हा शेवटचा प्रश्न विचारायचा हमखास राहून जातो. अर्जासोबत मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक महाविद्यालये पुढे ती देतच नाहीत, त्यामुळे ‘आधी प्रवेश तर मिळू दे, पैशांचे मग पाहू’ हा आपला नेहमीचा खाक्या येथे अंगाशी येतो. अ‍ॅम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि ब्राउन येथे परदेशी विद्यार्थ्यांचीही ऐपत न पाहता निवड होते. अन्यत्र बहुधा ती पाहिली जाते.

‘सीएसएस प्रोफाइल’ हा महाविद्यालयाकडे मदत मागण्याचा अर्ज १ ऑक्टोबरला खुला होतो; अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असल्यास ‘फाफ्सा’ हा अमेरिकी सरकारी मदतीचा अर्जही भरावा लागतो. फॉर्म १६, आयकर विवरणपत्रे आणि बँकेची खातेपत्रके आधीच जुळवून ठेवावीत. खरी अडचण वडिलोपार्जित जमिनीची असते. सातबाऱ्यावर चार चुलत्यांची नावे असतील, तर केवळ आपल्या हिश्शाची किंमत दाखवावी आणि ती जमीन विकून पैसा उभा करणे आपल्या एकट्याच्या हाती नाही, हे खुलाशाच्या रकान्यात दोन ओळींत स्पष्ट लिहावे.

मिळालेली मदत खरोखरच अपुरी असेल, तर करारातून मोकळीक मागता येते. मात्र त्यासाठी मदतीचा अर्ज मुदतीत केलेला असावा लागतो. आधी कागदपत्रांसह फेरविचाराची विनंती करावी. महाविद्यालयाच्या मदतीच्या पत्रातील रकमेपैकी अनुदान किती, कर्ज किती आणि कॅम्पसवरील कामाची कमाई किती, हे वेगळे मांडून पाहावे, आणि तो आकडा घरच्यांना पेलेल अशी खात्री होईपर्यंत इतर अर्ज मागे घेऊ नयेत.