बास फिशिंग आणि छोटी बोट: या चुका टाळा (ल्यूरचा रंग सगळ्यात शेवटी)

बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायचं वेड नवीन नवीन लागलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला ल्यूर घेऊ?" ल्यूर म्हणजे माशाला फसवायचं नकली आमिष. दुसरा प्रश्नही तोच, फक्त रंग वेगळा. मी विचारतो रीलवरची लाइन कधी बदललीस, बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच कुठाय, पेट्रोलच्या टाकीचं झाकण कसं आहे, तर चेहऱ्यावर असा भाव की काय कटकट लावलीये या माणसाने. इतकी वर्षं मी स्वतः चुका केल्या आणि दुसऱ्यांच्या निस्तरल्या, त्यात ल्यूर चुकला म्हणून दिवस वाया गेलाय असं फार कमी वेळा झालंय. दिवस वाया जातो तो बोटाएवढ्या रबराच्या बुचामुळे नाहीतर न भिजवलेल्या गाठीमुळे.

आणि ल्यूरचंच म्हणाल तर २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने जो साधारण १०.१ किलोचा लार्जमाउथ बास पकडला, जो १९३२ सालच्या जॉर्ज पेरीच्या जॉर्जियातल्या विक्रमाशी बरोबरीचा धरला गेला, तो त्याने जिवंत ब्लूगिल (एक छोटा मासा) लावून पकडला होता. तेव्हा खोक्यातले ते चाळीस ल्यूर जरा बाजूला ठेवा.

बेटकास्टरचा गुंता

हे माझं खास दुखणं. लोक स्पिनिंग रीलवर सहा महिने काढतात, मग वाटतं आता आपण मोठे झालो, बेटकास्टर घेतात, म्हणजे ज्याचं स्पूल (लाइन गुंडाळलेली चकरी) फेकताना स्वतः फिरतं ते रील, आणि पाचव्या कास्टला (फेकीला) स्पूलवर केसांचा जटा झाल्यासारखा गुंता, आणि मग "रीलच खराब निघालं". रील खराब नसतं हो.

गुंता होताना नेमकं काय होतं ते एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. ल्यूर पुढे जाताना लाइन ओढतो, त्याने स्पूल फिरतं. हवेत ल्यूरचा वेग कमी होत जातो पण स्पूलला ते कळत नाही, ते आपल्याच नादात फिरत राहतं, जास्तीची लाइन सोडत राहतं आणि ती जागच्या जागी एकमेकीत अडकते. म्हणजे स्पूलला वेळेवर आवरायचं, एवढंच. ते काम तिघं करतात: हँडलच्या बाजूचा टेन्शन नॉब, पलीकडच्या बाजूचे ब्रेक आणि तुमचा अंगठा.

नवीन माणूस काय करतो, तर व्हिडिओत कोणीतरी ब्रेक कमी ठेवून लांब फेकताना दिसतो म्हणून पहिल्याच दिवशी ब्रेक शून्यावर. अरे बाबा, तो वीस वर्षं अंगठा घासतोय. मी अजूनही ल्यूर बदलला की नॉब नव्याने लावतो. ल्यूर बांधायचा, रॉडचं टोक वर धरायचं, बटण दाबून ल्यूर सोडायचा. तो संथपणे खाली गेला पाहिजे आणि जमिनीला टेकला की स्पूल तिथेच थांबलं पाहिजे, दोन-चार वेढे जास्त फिरलं तर नॉब थोडा आवळा. ब्रेक सुरुवातीला जवळजवळ पूर्ण ठेवायचे, हात बसेल तसे एकेक घर कमी करायचे. आणि ल्यूर पाण्याला टेकायच्या क्षणभर आधी अंगठा स्पूलवर, याला दुसरा पर्याय नाही, कितीही भारी रील घ्या.

शिकायला १४ ग्रॅमच्या आसपासचा गुटगुटीत ल्यूर घ्या, ५ ग्रॅमची चिमणी लावून वाऱ्याच्या तोंडावर फेकू नका. लाइन साधी मोनो (नायलॉनची एकपदरी), १२-१४ पौंड ताण घेणारी. फ्लोरोकार्बन चांगलीच आहे पण गुंत्यात तिला एकदा घडी पडली की पुढे त्याच जागी तुटते, आणि तुम्ही गुंते घालणारच आहात तर स्वस्तातल्या लाइनवर घाला ना. माझी अजून एक सवय म्हणजे नव्या माणसाला आधी एक लांब कास्ट करायला लावायचा, मग अजून थोडी लाइन हाताने काढायची आणि स्पूलवर उरलेल्या लाइनवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून परत गुंडाळायची. गुंता झाला तरी पट्टीच्या खाली जात नाही.

आमच्या भाच्याला हे सगळं सांगितलं होतं. "हो मामा, हो मामा" करत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नवं कोरं रील, त्यावर ब्रेडेड (विणलेली) लाइन, हलका ल्यूर, समोरून वारा, आणि ब्रेक शून्यावर. तिसऱ्या कास्टला जो गुंता झाला तो मी दुरूनच बघितला आणि म्हटलं थांब, ओढू नकोस, अंगठा स्पूलवर घट्ट दाब, दाबून ठेवूनच हँडल दोन-तीन वेळा फिरव, मग हळूच लाइन ओढ, बहुतेक वेळा सुटतं, नाही सुटलं तर परत तेच. पण दम कुठे निघतोय, साहेबांनी चाकू काढला, मूठभर लाइन कापली आणि माझं लक्ष नसताना बोटीच्या मागच्या बाजूने पाण्यात टाकून दिली. संध्याकाळी आम्ही त्याच लाइनवरून इंजिन चालवत परत आलो.

मला काहीच कळलं नाही, इंजिन मस्त चालत होतं. दीड-दोन महिन्यांनी गिअर ऑइल बदलायला खालचा स्क्रू काढला तर तेलाऐवजी दुधाळ कॉफी बाहेर यायला लागली. तेल असं दिसलं म्हणजे आत पाणी गेलंय. इंजिनचा पाण्यातला पंखा काढून बघितलं तर त्याच्या मागे शाफ्टवर हिरवी ब्रेडेड लाइन अशी घट्ट वळलेली की टोकदार सुरीने खरवडून काढावी लागली, तिने शाफ्टचं रबरी सील कापून टाकलं होतं. तसंच चालवत राहिलो असतो तर आतले गिअर आणि बेअरिंगच गेले असते. तेव्हापासून दर तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर मी पंखा काढून शाफ्ट बघतो, पाच मिनिटांचं काम आहे, आणि बोटीत रिकामी बाटली ठेवतो. लाइनचा कापलेला प्रत्येक तुकडा बाटलीत. भाचाही आता टाकतो, न सांगता.

लाइनच्या बाकीच्या भानगडी

"ड्रॅग बिघडलंय, कितीही आवळलं तरी मासा लाइन ओढतोय" अशी तक्रार आली (ड्रॅग म्हणजे मासा ओढताना लाइन किती ताणाला सुटेल ते ठरवणारा रीलवरचा ब्रेक) की मी आधी विचारतो ब्रेडेड लाइन थेट स्पूलवर बांधलीये का. गुळगुळीत स्पूलवर ती पकड घेत नाही, अख्खा गठ्ठाच्या गठ्ठा स्पूलभोवती घसरत फिरतो. खाली थोडी मोनो गुंडाळा, तिच्यावर ब्रेडेड जोडा, ड्रॅग आपोआप "दुरुस्त" होतं.

ड्रॅग हाताने ओढून अंदाजाने लावू नका. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे १२ पौंडाच्या लाइनला ३ ते ४ पौंड, आणि ते छोट्या स्प्रिंगच्या काट्याने मोजून. घरी आलं की ढिलं करून ठेवायचं, नाहीतर आतले वॉशर दबून बसतात.

गाठ आवळायच्या आधी थुंकी लावा. किळस येत असेल तर तलावात बुडवा, पण कोरडी आवळू नका. फ्लोरोकार्बन कोरडी घासली की गरम होते आणि गाठीपाशीच कमजोर पडते, मग मोठा मासा गेला की लोक लाइनच्या कंपनीला शिव्या घालतात. मी पालोमर सोडून दुसरी गाठ क्वचितच बांधतो.

स्पिनिंग रीलचं बेल (लाइन धरणारी तारेची कडी) हँडल फिरवून नाही, हाताने बंद करायचं. लाइनला पीळ कमी पडतो. लाइन स्पूलच्या काठाच्या २-३ मिलिमीटर खाली राहील एवढीच भरा.

ट्रेबल (तीन टोकांचे) हुकवाले क्रँकबेट ल्यूर कडक रॉडवर वापरू नका, मासा उडी मारतो आणि हुक फाटून निघतो. तिथे जरा लवणारा रॉड हवा. उलट टेक्सास रिगला (एकाच हुकावर लावलेल्या मऊ प्लास्टिकच्या ल्यूरला) लवचिक रॉड घेतलात तर हुक माशाच्या तोंडात रुततच नाही.

मासा बोटीपाशी आला की रॉड पार डोक्यामागे नेऊन त्याला उचलायचा नाही. टोकाकडे सगळा ताण येतो आणि रॉड काडीसारखा मोडतो, मग "वॉरंटीत बसेल का" विचारत फिरतात. जाळी घ्या नाहीतर वाकून हाताने घ्या. आणि जड मासा नुसत्या जबड्याला आडवा धरून फोटो काढू नका, दुसरा हात पोटाखाली द्या, ओला करून.

इंजिन दहा मिनिटांत बंद पडतंय

आता माझी स्वतःची लाज. छोटं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), वेगळी सुटी टाकी. सकाळी पहिल्या दोरीला चालू, मस्त आवाज, तलावाच्या मध्यापर्यंत गेलो आणि फुर्र फुर्र करून बंद. थोडा वेळ थांबलो, पंप दाबला, चालू. परत काही मिनिटांनी बंद. मी स्वतःला फार मोठा मेकॅनिक समजायचो तेव्हा, त्यामुळे लाटांवर हलणाऱ्या बोटीत आधी स्पार्क प्लग काढले, पुसले, लावले. मग कार्ब्युरेटरची वाटी उघडली. वाटीचा स्क्रू हातातून सुटला, बोटीच्या कडेला टण्ण करून आपटला आणि गेला तळाला. पुढचे दोन तास वाऱ्याच्या विरुद्ध वल्हं मारत आलो, हाताला फोड.

घरी नवा स्क्रू आणला, कार्ब्युरेटर साफ केला, पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन बसवून अर्धा तास चालवलं, एकदाही अडखळलं नाही. छाती फुगली. पुढच्या रविवारी परत तलावाच्या मध्यावर, परत फुर्र. या वेळी मात्र काही उघडायच्या आधी टाकीत पेट्रोल किती आहे बघायला झाकण फिरवलं आणि आतून "फुस्स" असा हवा ओढल्याचा आवाज आला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो, गाडीतून नेताना मी तो बंद करायचो आणि पाण्यावर उघडायला विसरायचो. इंजिन पेट्रोल ओढतं, त्या जागी हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि मग पेट्रोल येणंच थांबतं. घरी ड्रममध्ये नीट चाललं कारण तेव्हा पेट्रोल भरून झाकण मी नुसतं वर ठेवलं होतं! कार्ब्युरेटरचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

नव्या टाक्यांना आपोआप हवा घेणारी झाकणं असतात, पण जुन्या टाक्या अजून भरपूर फिरतायत. इंजिन मेलं की मी आता ठरलेल्या क्रमाने जातो: झाकणाचा स्क्रू, पंपाचा रबरी फुगा (चपटा पडला असेल तर मागून पेट्रोल येत नाहीये, आणि त्यावरचा बाण इंजिनकडे हवा), पाइपचं टोक खट्ट बसलंय का, किल स्विचची (दोरी निघाली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप जागेवर आहे का. प्लग त्यानंतर. कार्ब्युरेटर पाण्यावर उघडायचाच नाही, किनाऱ्यावर या.

इंजिन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार येतेय ना, बघा. येत नसेल तर लगेच बंद. आणि "आवाज कसा येतो बघू" म्हणून कोरड्यावर चालवून बघणाऱ्यांनो, आतला रबरी पंखा पाण्याशिवाय घासून जातो, थोड्या वेळातच.

बोट

बूच. मी ते इंजिनच्या दोरीच्या मुठीला बांधून ठेवतो, म्हणजे ते सोडून जागेवर लावल्याशिवाय इंजिन ओढताच येत नाही. बाकी सगळ्या युक्त्या करून झाल्या. एक जादा बूच बोटीत ठेवा, रबर कडक होऊन चिरतं.

इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर (बोट हळूहळू हलवायची बॅटरीवरची मोटर): "१०० अँपिअर-अवरची बॅटरी आहे, दिवसभर जाईल." नाही जात. ५५ पौंड थ्रस्टची (ढकलायच्या जोराची) १२ व्होल्टची मोटर फुल स्पीडला ५० अँपिअरच्या आसपास घेते, आणि लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे फुल स्पीडला हातात तासभरच. हळू चालवलं तर खूप टिकते. गाडीची बॅटरी लावू नका, ती क्षणभर जोरात करंट द्यायला बनलेली असते, तासन् तास नाही, डीप सायकलच घ्या. बॅटरीजवळ फ्यूज किंवा ब्रेकर हवाच. घरी आल्यावर त्याच रात्री चार्जिंगला, "उद्या लावतो" म्हणत आठवडाभर ठेवलेल्या बॅटऱ्या मी किती बघितल्यात. आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे बॅटरी दमली तरी येताना वारा मदतीला असतो.

बॅटरी २५-३० किलो, टाकी, इंजिन आणि तुम्ही, सगळे मागच्या बाजूला बसलात तर बोटीचं नाक आकाशात जाणारच. बॅटरी पुढे न्या, वायर लांब आणि जाड घ्या. बोटीवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत बहुतेक वेळा इंजिन, पेट्रोल आणि सामानही धरलेलं असतं, फक्त माणसं नाही.

नांगर मागच्या बाजूने कधीही टाकू नका. कधीही. मागची बाजू बुटकी, त्यात इंजिनाचं वजन, लाट थेट आत येते. पुढून टाका, दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडा.

लाइफ जॅकेट सीटखाली ठेवलंत तर ते सीटला वाचवेल. थंड पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात माणूस नुसता धापा टाकतो, त्या वेळी जॅकेट शोधून बकल लावणं जमत नाही. अंगात घाला आणि किल स्विचची दोरी स्वतःला अडकवा, बोट तुम्हाला सोडून गोल गोल फिरायला लागली की तो पंखा तुमच्याकडेच परत येतो.

हां, आणि ल्यूरचा रंग. गढूळ पाण्यात काळा-निळा, स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी. झालं.