हॉकी जर्सीवर आकडे आणि नावं: मोजमाप, कटिंग, प्रेस

हॉकीच्या सामन्यात पंच कार्ड दाखवतो तेव्हा टेबलावरचा अधिकारी पाठीवरचा आकडा टिपतो, चेहरा बघत नाही. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, पंच फक्त दोन. अर्ध्या मैदानाच्या अंतरावरून, पाणी मारलेल्या टर्फवर घसरून ओल्या झालेल्या जर्सीवरचा ३ की ८ हे एका नजरेत कळलं पाहिजे. त्यामुळे फॉन्ट, रंग, नक्षी हे सगळं नंतर, आधी वाचनीयता. आणि आकडा हंगामभर टिकेल की नाही हे बऱ्याच अंशी जर्सीचं कापड ठरवतं, म्हणून कापड हातात आल्याशिवाय कुठलीच पद्धत पक्की करू नये.

मुंबईत संघांसमोर दोन सरळ वाटा असतात. पूर्ण सेट नव्याने शिवून घ्यायचा असेल तर सब्लिमेशन. धोबी तलावच्या दुकानांतून तयार जर्सी घेतल्या असतील तर व्हिनाइल, म्हणजे मागे गोंद असलेल्या रंगीत प्लास्टिकच्या पातळ रोलमधून आकडे कापून ते गरम प्रेसने चिकटवणं.

सब्लिमेशनमध्ये डिझाइन, आकडा आणि नाव एकत्रच कागदावर उलटं छापतात आणि कापलेल्या पांढऱ्या पॉलिस्टरच्या तुकड्यांवर साधारण १९० ते २०० अंशांना ४० ते ६० सेकंद दाबतात. शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते, मग तुकडे शिवतात. आकडा निघण्याचा प्रश्नच नाही, कापड श्वास घेतं, हात फिरवला तर छपाई जाणवतही नाही. अडचण पुढे येते. पांढरी शाई नसते, पांढरा आकडा म्हणजे न छापलेलं कापड, त्यामुळे हे गडद रंगाच्या तयार जर्सीवर होत नाही. एका नावात चूक झाली की अख्खी जर्सी पुन्हा. हंगामाच्या मध्ये एक जर्सी हरवली तर नव्या छपाईचा निळा जुन्या निळ्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. पावसाळ्यात सब्लिमेशनचा कागद हवेतलं पाणी ओढतो आणि कडा पसरतात, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये छपाईवाला कागद बंद पिशवीत ठेवतो का, हे विचारून घ्यावं.

बाकीचा सगळा लेख व्हिनाइलबद्दल आहे, कारण चुका तिथेच जास्त होतात.

मोजमाप आणि मांडणी

स्पर्धेचं नियमपत्रक आधी मागवा. मागच्या आकड्याची उंची साधारण १६ ते २० सेंमी आणि समोरच्या किंवा शॉर्ट्सवरच्या आकड्याची ७ ते ९ सेंमी धरली की बहुतेक ठिकाणी चालतं. इथे एक नेहमीची गफलत होते. छपाईवाले इंचात बोलतात आणि ‘आठ इंच’ लिहून घेतात. आठ इंच म्हणजे २०.३ सेंमी, म्हणजे २० ची मर्यादा असेल तर तीन मिलिमीटरने बाहेर. साडेसात इंच सांगा, १९ सेंमी होतात.

१९ सेंमी उंचीला एका आकड्याची रुंदी १० ते ११ सेंमी आणि रेषेची जाडी किमान अडीच सेंमी हवी. दोन आकड्यांत दोन सेंमीचं अंतर ठेवलं की ‘२८’ सारखा आकडा २२ ते २४ सेंमीत बसतो. ३८ किंवा ४० साइझच्या पाठीवर हे छान दिसतं. मुलांच्या ३२-३४ साइझवर मात्र आकडा काखेच्या शिलाईपर्यंत जातो, तिथे उंची १६ वर आणावी. फॉन्ट निवडताना ३, ६, ८ आणि ९ हे चार आकडे कागदावर छापून भिंतीला लावा आणि लांबून बघा. चौकोनी ‘कॉलेज’ फॉन्टमध्ये ६ आणि ९ च्या शेपट्या आत वळून जवळजवळ मिटतात आणि लांबून सगळेच ८ दिसतात. शेपटी मोकळी असलेला साधा जाड फॉन्ट घ्यावा. रंगात पांढऱ्यावर पिवळा, निळ्यावर काळा, लालवर नारिंगी हे टाळाच. पट्ट्यांच्या जर्सीवर आकड्याभोवती चार-पाच मिलिमीटरची दुसऱ्या रंगाची कड लागते, नाहीतर आकडा पट्ट्यांत हरवतो.

गोलकीपरची जर्सी यादीत वेगळी लिहा. तिचा रंग दोन्ही संघांहून वेगळा आणि एकच असावा लागतो, त्यामुळे आकड्याचं व्हिनाइलही बहुधा वेगळ्या रंगाचं लागतं. शिवाय ती छातीच्या पॅडवरून घालतात. पॅड घातल्यावर कापड ताणलं गेलं तर साधं व्हिनाइल तडकतं. दोन साइझ मोठी जर्सी आणि ताणलं जाणारं, म्हणजे स्ट्रेच व्हिनाइल, दोन्ही घ्यावं.

अठरा जणांच्या संघाला १ ते १८ आकडे द्यायचे तर मोठे अंक २७ लागतात आणि त्यातले अकरा नुसते १ असतात. ५० सेंमी रुंदीच्या रोलवर मागचे आकडे साधारण १२० सेंमीत, समोरचे ३५-४० सेंमीत आणि नावं आडवी न लावता रोलच्या लांबीत लावली तर ९० सेंमीत बसतात. तीन मीटर घेतलं की चार-पाच जादा अंकही कापून होतात. जादा अंकांत एक १ आणि एक २ हवाच.

फाइल आणि कटिंग

नावं देवनागरीत असतील तर खरी कसोटी कोरलच्या (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) फाइलमध्ये लागते. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते, पण प्लॉटर, म्हणजे व्हिनाइल कापणारं यंत्र, प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि ‘कुलकर्णी’चे तुकडे होतात. म्हणून आधी अक्षरं कर्व्हमध्ये (साध्या आकारांत) बदला, मग सगळी निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा, आणि नुसत्या कडा दाखवणाऱ्या वायरफ्रेममध्ये बघा की शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ उरलेली नाही. वेल्डनंतर ‘ऱ्ह’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांतली बारीक भोकं बुजली तर ती हाताने मोकळी करावी लागतात.

अनुस्वार वेगळाच त्रास देतो. ‘देशपांडे’ किंवा ‘सावंत’ मधला टिंब सहा सेंमीच्या नावात पाच-सहा मिलिमीटरचा होतो, त्याला धरून ठेवणारं काही नसतं आणि पहिल्या चार धुण्यांत तोच उडतो. टिंब आठ मिलिमीटरपर्यंत मोठा करा. दिसायला किंचित जड वाटतो, पण राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली यादी युनिकोडमध्ये असते आणि अनेक डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टवर काम करतात, म्हणजे नावं पुन्हा टाइप होतात. कापण्याआधी पीडीएफ मागवून प्रत्येक खेळाडूला स्वतःचं नाव तपासायला द्या.

आकडे मात्र इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) ठेवावेत. बाहेरगावचे पंच आणि गुणपत्रक भरणारे लोक तेच वाचतात.

प्लॉटरवर साध्या पीयू (पॉलियुरेथेन) व्हिनाइलला ४५ अंशांचं ब्लेड पुरतं, मखमलीसारख्या जाड फ्लॉकला ६० अंशांचं लागतं. आधी एक सेंटिमीटरचा चौकोन कापून बघा: व्हिनाइल पूर्ण कापलं गेलं पाहिजे आणि खालच्या पारदर्शक फिल्मवर फक्त ओरखडा दिसला पाहिजे. फिल्म कापली गेली तर प्रेसवर आकडा सरकतो, व्हिनाइल अर्धवट कापलं गेलं तर नको असलेला भाग सोलताना कडा दातेरी होतात. आणि फाइल मिरर, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी, केली आहे का ते प्रत्येक वेळी बघायचं. ० आणि ८ उलटे कापले गेले तरी कळत नाहीत, म्हणून तपासणीला नेहमी २ किंवा ७ घ्या.

प्रेस

जर्सीची पाठ उभी दुमडून मधोमध हलकी घडी पाडा, तीच मध्यरेषा. शिवणीवर विसंबू नका, तयार जर्सीत ती एक-दोन सेंमी इकडेतिकडे असतेच. कॉलरच्या शिलाईपासून सात-आठ सेंमी खाली नाव, नावाची उंची पाच-सहा सेंमी, मग तीन-चार सेंमी जागा, मग आकडा. ‘मोरे’ आणि ‘सहस्रबुद्धे’ यांची उंची एकच ठेवा. लांब नाव आडवं थोडं दाबून ३० सेंमीच्या आत बसवावं.

मग जर्सी रिकामीच पाच सेकंद दाबा. मुंबईच्या दमट हवेत कोरडं वाटणारं कापडही ओलसर असतं, आणि ती वाफ गोंदाखाली अडकली की आकड्यावर फुगे येतात. पुढच्या आणि मागच्या कापडामध्ये टेफ्लॉन शीट घाला. जाळीच्या ड्राय-फिटमध्ये (घाम लवकर सुकवणाऱ्या पॉलिस्टरमध्ये) गोंद भोकांतून खाली उतरतो आणि जर्सी आतून चिकटून बसते. रॅगलन बाहीची, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या जोडलेल्या बाहीची, जाड शिलाई आकड्याखाली येत असेल तर तेवढा भाग सोडून आत फोमची उशी ठेवा. नाहीतर सगळा दाब शिलाईवरच पडतो, शेजारची कड नीट दबत नाही आणि पुढे तिथूनच सुटायला लागते.

साध्या पीयू व्हिनाइलला १५० ते १६० अंश आणि १२ ते १५ सेकंद. नक्की किती ते रोलच्या पाकिटावर असतं, तेच पाळा. १५ बाय १५ इंचाच्या स्वस्त प्रेसमध्ये पाटाच्या कडा मध्यापेक्षा थंड राहतात, म्हणून आकडा शक्यतो मध्यावर यायला हवा आणि नाव वेगळ्या दाबात लावावं. दाब तपासायला चारही कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून प्रेस बंद करा आणि ओढून बघा, एखादी सहज निघाली तर त्या बाजूला दाब कमी आहे. प्रेसला १५ किंवा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट द्या. साध्या एक्स्टेंशनवर वायर तापते, तापमान वर-खाली होतं आणि मीटरवरचा आकडा खरा राहत नाही.

फिल्म गरम असताना काढायची की गार झाल्यावर, हे व्हिनाइलच्या जातीवर आहे. गार काढायची फिल्म घाईत ओढली की कड वर येते, आणि एकदा उचललेली कड दुसऱ्या दाबाने तात्पुरतीच बसते. फिल्म निघाल्यावर बटर पेपर ठेवून आणखी चार-पाच सेकंद दाबावं.

दोन रंगांचा आकडा असेल तर खालचा थर तीन-चार सेकंदच टेकवा आणि वरचा लावताना पूर्ण वेळ द्या. दोन्ही थरांना पूर्ण वेळ दिला तर खालचा आकसतो आणि कड वाकडी दिसते. दोन थरांचा १९ सेंमीचा आकडा पत्र्यासारखा कडक होतो आणि पाठीवर घाम साठतो, म्हणून खालचा थर आतून पोकळ कापून नुसती कडच ठेवली तर खेळाडू सुखी राहतो.

लाल जर्सी, गुलाबी आकडा

सगळ्यात जास्त पैसे याच एका चुकीत जातात. पॉलिस्टरचा रंग उष्णतेने वाफ होऊन वर चढतो. लाल, मरून आणि गडद निळ्या जर्सीवर पांढरा आकडा प्रेसमधून शुभ्र निघतो आणि काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी, गुलाबी किंवा फिकट निळा दिसायला लागतो. धुऊन तो परत पांढरा होत नाही. तापमान वाढवलं की हे आणखी बिघडतं, आणि नेमकं तेच केलं जातं, कारण ‘नीट चिकटत नाही’ असं वाटतं. सब्लिमेशनने रंगवलेल्या कापडावर वरून आकडा लावताना धोका सर्वांत मोठा.

उपाय दोन. साधारण १३० अंशांना बसणारं कमी तापमानाचं व्हिनाइल घ्या, किंवा मागे राखाडी-काळा अडसर असलेलं ब्लॉकर व्हिनाइल. ब्लॉकर महाग पडतं आणि थोडं जाड असतं, पण लालवर पांढरा हवा असेल तर तेच घ्यावं. कोणत्याही परिस्थितीत पूर्ण संघाचं काम देण्याआधी एका जर्सीच्या खालच्या कडेला छोटा अंक लावून तीन दिवस थांबा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी जर्सी घेऊन गेलात तर ही तपासणी होत नाही.

डीटीएफलाही, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर दाबलेल्या छपाईलाही, हाच रंग चढतो. अनेक रंगांच्या क्लबच्या चिन्हाला डीटीएफ उत्तम, पण पाठीवरचा मोठा आकडा त्यात प्लास्टिकसारखा लागतो. कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत आकडे टवील कापडाचे कापून जिगजॅग शिलाईने शिवतात. ते वर्षानुवर्षं टिकतात, पण तिथली जर्सी जाड असते. आपल्याकडच्या १४०-१६० जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम) पातळ ड्राय-फिटवर तशी शिलाई मारली की कापडाला चुण्या पडतात. हवीच असेल तर मागे फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावूनच.

पहिलं धुणं २४ तासांनंतर, उलटी करून, थंड पाण्यात. ब्लीच नाही, वॉशिंग सोडा नाही, वाळवणं सावलीत. लाँड्रीत देणार असाल तर इस्त्री नको हे पावतीवरच लिहून घ्या, गरम इस्त्री एकदा थेट फिरली की आकडा इस्त्रीला चिकटून येतो. सामन्यानंतर ओल्या जर्सी किटबॅगमध्ये आकड्यावर आकडा टेकवून दाबून ठेवू नयेत.

क्लबच्या सेटवर नावं घालूच नयेत हे स्पष्ट मत आहे. खेळाडू दरवर्षी बदलतात. व्हिनाइल रिमूव्हरने नाव निघतं, पण आजूबाजूचं कापड उन्हाने उतरलेलं असतं आणि जुन्या नावाची गडद सावली तशीच राहते, शिवाय गोंदाचे कण नव्या नावाला बसू देत नाहीत. राज्य किंवा जिल्हा संघाच्या जर्सीवर, जी खेळाडू घरी नेणार आहे, तिथे नाव जरूर घाला. उरलेले जादा अंक फिल्मसकट सपाट फाइलमध्ये ठेवा आणि फाइलवर व्हिनाइलचा प्रकार, तापमान, सेकंद आणि फिल्म गरम काढायची की गार, एवढं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी फाटलेला ७ बदलताना छपाईवाला दुसरा असू शकतो.