टॅबलेटला गिटारचं इफेक्ट युनिट जोडताना: आधी मागची सॉकेट बघा, मग केबल घ्या

कोल्हापुरात गिटारची तार किंवा साधी जॅक केबल चटकन मिळते. मिडीची (आवाज नव्हे, तर वाद्यांना आदेश नेणाऱ्या पद्धतीची) केबल किंवा नेमका अ‍ॅडॅप्टर मात्र बहुतेक वेळा बाहेरून मागवावा लागतो, आणि चुकीचा आला की आठवडा जातो. म्हणून काहीही मागवण्याआधी युनिट (गिटारचा आवाज बदलणारं पेडल किंवा पेटी) फिरवून त्याची मागची बाजू नीट पाहा.

तिथे तीनपैकी किमान एक सॉकेट दिसेल. चौकोनी यूएसबी-बी किंवा टाइप-सी असेल, तर थेट यूएसबीने जोडता येतं. पाच पिनांचं गोल मिडी सॉकेट असेल, तर मध्ये यूएसबी-मिडी इंटरफेस (किंवा तशी केबल) लागतो. छोट्या पेडलवर ३.५ मिमीचं, हेडफोनसारखं मिडी सॉकेट असतं आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. त्यात दोन पद्धती आहेत. टाइप ए मध्ये जॅकचं टोक गोल मिडीच्या ५ नंबरच्या पिनला, मधली रिंग ४ नंबरला आणि मागची बाही २ नंबरला जाते. टाइप बी मध्ये टोक आणि रिंग यांची अदलाबदल असते. २०१८ मध्ये टाइप ए हे प्रमाण ठरलं, पण त्याआधीची बरीच पेडल टाइप बी ची आहेत. मॅन्युअलमध्ये प्रकार बघूनच केबल घ्या. सोल्डरिंग येत असेल तर घरीही बनते: तीन तारा, एक स्टीरिओ जॅक, एक डिन प्लग (पाच पिनांचा गोल). झाल्यावर मल्टिमीटरने तिन्ही तारांची कंटिन्युइटी (तार टोकापासून टोकापर्यंत जोडलेली आहे ना ते) तपासा. जुन्या टेपरेकॉर्डरची पाच पिनांची केबल वापरू नका, तिच्यातल्या तारा अनेकदा उलटसुलट जोडलेल्या असतात.

यूएसबीमध्ये एक बाजू होस्ट (जोडणी चालवणारी) असते, दुसरी डिव्हाइस. इथे टॅबलेट होस्ट. टाइप-सी आयपॅडला साधी टाइप-सी ते यूएसबी-बी केबल पुरते, फक्त ती डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात आणि बाहेरून हे ओळखता येत नाही. लाइटनिंग आयपॅडसाठी कॅमेरा अ‍ॅडॅप्टर घ्या, तोही यूएसबी ३ वाला, कारण त्याला चार्जरसाठी वेगळं तोंड असतं. केबलचं टोक साधं यूएसबी-ए असेल तर अँड्रॉइडला ओटीजी (टॅबलेटला होस्ट बनवणारा) अ‍ॅडॅप्टर लागतो, आणि मिडीसाठी अँड्रॉइड ६ किंवा त्यापुढचं व्हर्जन. काही कंपन्यांच्या अँड्रॉइडमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. गाण्यांच्या मध्ये जोडणी तुटत असेल तर आधी हेच बघा.

युनिट ‘क्लास कंप्लायंट’ असलं पाहिजे, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालणारं. टॅबलेटवर सहसा ड्रायव्हर टाकायची सोय नसते. काही युनिटच्या यूएसबी सेटिंगमध्ये ड्रायव्हरचा पर्याय असतो. तिथे ‘जेनेरिक’ किंवा ‘स्टँडर्ड’ निवडा आणि युनिट बंद करून परत चालू करा, नाहीतर बदल लागू होत नाही. लाइन ६ कंपनीचं एचएक्स स्टॉम्प हे युनिट आयपॅडला ऑडिओ आणि मिडी दोन्हीसाठी जोडता येतं, पण त्याचं एचएक्स एडिट सॉफ्टवेअर मॅक आणि विंडोजवरच चालतं. टॅबलेटवरून पॅच (युनिटमध्ये साठवलेली आवाजाची सेटिंग) बदलता येतील, पॅच बनवायचे ते कॉम्प्युटरवर किंवा युनिटवरच.

ऑडिओ देणारं युनिट यूएसबीने जोडल्यावर टॅबलेटचा स्पीकर गप्प होतो. हा बिघाड नाही. आवाज आता युनिटमधून बाहेर पडतो, त्यामुळे बॅकिंग ट्रॅकही अ‍ॅम्पमध्येच येईल.

आता घूं… आवाजाबद्दल, कारण मंगल कार्यालयातल्या स्टेजवर हाच सगळ्यात जास्त छळतो. टॅबलेट चार्जरला, युनिट दुसऱ्या बोर्डावर, अ‍ॅम्प तिसऱ्या. या सगळ्यांचं ग्राउंड यूएसबी केबलमधून एकमेकांना मिळालं की ग्राउंड लूप तयार होतो. निदान सोपं आहे: चार्जर काढा. आवाज गेला, तर दोष त्या वाटेत आहे. मग टॅबलेट पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवा, किंवा सगळ्यांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरून वीज द्या. तरीही राहिला तर गोल मिडीची वाट धरा. मिडी इनपुटमध्ये ऑप्टोकपलर असतो, सिग्नल प्रकाशातून पुढे जातो आणि दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं राहतं. यूएसबी आयसोलेटरही मिळतो, पण स्वस्तातले बहुतेक १२ एमबीपीएसचे असतात: मिडीला पुरतात, ४८० एमबीपीएसवर चालणाऱ्या ऑडिओला नाही. आवाज घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. अ‍ॅम्पच्या बॉडीत करंट उतरला तर तो गिटारच्या तारांमधून थेट हातात येतो.

‘अ‍ॅक्सेसरीला जास्त वीज लागते’ असा मेसेज आला, तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब मध्ये घाला.

यूएसबी-मिडी केबलवर ‘इन’ लिहिलेलं तोंड बहुतेकदा युनिटच्या ‘आउट’मध्ये जातं, पण काही कंपन्या उलटं लिहितात. चालत नसेल तर अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही. अगदी स्वस्त केबल पॅच बदलायला ठीक, पण सिस्टिम एक्स्क्लुझिव्हचे लांब मेसेज, म्हणजे पॅचचा बॅकअप, त्यांच्यातून अर्धवट जातात. बॅकअपसाठी युनिटचं स्वतःचं यूएसबीच वापरा.

जोडणी झाली की आयपॅडवर मिडी रेंच किंवा अँड्रॉइडवर मिडी स्कोपसारखं अ‍ॅप उघडा आणि युनिटवर पॅच बदला. युनिट मिडी पाठवायला सेट केलेलं असेल तर स्क्रीनवर मेसेज दिसेल, म्हणजे त्या बाजूची वाट मोकळी आहे. मग उलट बाजूने प्रोग्रॅम चेंज (पॅच बदलण्याचा मिडी आदेश) पाठवा. काहीच हललं नाही तर चॅनेल जुळवा (१ ते १६). एक पॅच पुढेमागे लागत असेल तर कारण मोजणीत आहे: मिडी ० ते १२७ मोजतो, बरीच अ‍ॅप्स १ ते १२८ दाखवतात. १२८ पेक्षा जास्त पॅच असतील तर प्रोग्रॅम चेंजच्या आधी बँक (पॅचचा गट) पाठवावी लागते, सीसी ० आणि सीसी ३२ ने (सीसी म्हणजे कंट्रोल चेंज, सेटिंग बदलण्याचा मिडी आदेश). एचएक्स स्टॉम्पमध्ये सीसी ६९ ने स्नॅपशॉट (त्याच पॅचमध्ये साठवलेली मांडणी) बदलतो (पहिल्यासाठी ०), सीसी ६८ ने ट्यूनर, सीसी ६४ ने टॅप टेम्पो. डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) गाण्याच्या लयीत हवा असेल तर अ‍ॅपमधून मिडी क्लॉक चालू करा; एका मात्रेला २४ ठोके जातात. ऑनसाँग किंवा बँडहेल्पर या गाण्यांच्या याद्यांच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक गाण्याला पॅच जोडून ठेवला की गाणं उघडताच पॅच लागतो.

गिटार टॅबलेटमधल्या अ‍ॅपमधून वाजवणार असाल तर बफर (आवाजाचा एका वेळी घेतला जाणारा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला तो सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. आवाज तडतडला तर २५६ वर न्या.

केबल टॅबलेटच्या तोंडावर लोंबकळत ठेवू नका, टाइप-सी सॉकेट त्यानेच ढिलं होतं. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपला २ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून मागा, ती पेडलबोर्डला बसवा आणि केबल अ‍ॅडॅप्टरसकट तिला टायने बांधा. यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब नको, मिडीची १५ मीटरपर्यंत चालते. आणि पॅच युनिटमध्येही गाण्यांच्या क्रमानेच लावून ठेवा, म्हणजे मध्येच टॅबलेट बंद पडला तरी पायाने पुढचा पॅच दाबून कार्यक्रम चालू राहील.