पावसाळ्यात गाडी उभी, बॅटरी आडवी

जुन्या व्हॅनचा आम्ही घरीच कॅम्पर, म्हणजे प्रवासात आत झोपता येईल अशी गाडी, केला आहे. मागच्या जूनमध्ये मुलुंडला सोसायटीच्या आवारात ताडपत्री घालून उभी केली, ती थेट गणपतीला गावी निघताना उघडली. किल्ली फिरवली, तर नुसतं 'टक'. मल्टीमीटर लावला: इंजिनची बॅटरी ९.८ व्होल्ट, मागची दिव्या-पंख्याची ११.९. पूर्ण भरलेली १२.६ च्या वर दाखवते. टोकांवर हिरवट-पांढरी पूड जमलेली. शेवटी एसटीनेच गेलो.

चोर निघाला स्टिरिओ. बंद असतानाही घड्याळासाठी तो थोडा थोडा करंट खात राहतो. त्यात लेड-ॲसिड बॅटरी उकाड्यात आपली आपणच लवकर उतरते. लेहकडे भीती वेगळी: थंडीत उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते.

बॅटरीची झाकणं घट्ट लावून पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासली. मागची बॅटरी चार्जरवर उठली. पुढची गेली ती गेलीच.

या जूनमध्ये आधी निगेटिव्हची काळी वायर काढली, टोकांना व्हॅसलिन चोपडलं, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहिली. दर तीन आठवड्यांनी चार्जर. हँडब्रेक ओढला नाही, गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावल्या. गेल्या खेपेला ब्रेक गंजून चिकटले होते, ते सोडवायला मेकॅनिकचा अर्धा दिवस गेला.

परवा पहिल्याच किल्लीला सुरू झाली. "अहो, चालू झाली की!" वॉचमनकाकांना माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य. गादीचा कुबट वास मात्र अजून हटलेला नाही.