कपड्यावर तेल सांडलं? आधी पाणी नको, पावडर टाका

जेवताना शर्टवर नाहीतर साडीवर भाजीचा तेलकट थेंब पडला की आपण लगेच पाणी लावून चोळतो आणि डाग अजून पसरतो, तसं करू नका. आधी टिश्यूने वरचं तेल नुसतं टिपून घ्या, मग डब्यातली साधी टाल्कम पावडर डाग पूर्ण झाकेल इतकी टाका, बोटाने हलकं दाबा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पावडर पिवळट, गोळा झालेली दिसेल, म्हणजे तेल तिने ओढलंय. ती ओल्या टिश्यूने अलगद उचला, मग भांड्याचा साबण लावून धुवा. हळदीचा पिवळा रंग मात्र याने जात नाही, फक्त तेल जातं. इस्त्री डाग गेल्यावरच करा, नाहीतर तो पक्का बसतो.

आता महत्त्वाचं, पावडर उडवू नका प्लीज. टाल्क म्हणजे दगडाचीच बारीक भुकटी, ती श्वासातून फुफ्फुसात जाते, आणि लहान बाळांना तर खूपच त्रास होऊ शकतो, त्यामुळे बाळाच्या अंगावर डबा झटकणं बंदच करा, आजी कितीही म्हणू दे. डबा खेळायलाही देऊ नका. बायकांनी नाजूक जागी अजिबात लावू नये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2024 मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. डागासाठी घरातलं कॉर्नफ्लोअरही चालतं, तेल तेही छान शोषतं.