काँग्रेस गवताच्या जागी टाकळा

बेळगाव-खानापूरकडे मोकळ्या प्लॉटवर, बांधावर काँग्रेस गवत कितीही उपटा, पावसाळ्यात पुन्हा हजर. तिथं टाकळा दाट वाढवला की ते दबतं.

१. दिवाळीनंतर टाकळ्याच्या वाळल्या शेंगा गोळा करून बी कोरडं ठेवा.

२. मे महिन्यात, वळवाच्या तोंडावर ते दाट फेका.

३. तरी मधे काँग्रेस दिसलंच, तर फुलं यायच्या आत, माती ओली असताना मुळासकट उपटा. कापलं तर बुडातून परत फुटतं. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, खाज सुटते. दमेकऱ्यांनी लांबच राहावं.

काँग्रेसच्या पानांची चाळण झालेली दिसली तर औषध मारू नका. ते मेक्सिकन भुंग्याचं काम, १९८४ साली बेंगळुरूत तो मुद्दाम सोडला होता. फुकटचा मजूर!

टाकळा पिकात मात्र टाकू नका, तोही तणच.